नवरा कमावता आहे, मग मी काम मागायचं की नाही?

परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका ताईंचं सात पानी पत्र आलं आहे. नावगाव अर्थातच देत नाही. पत्राचा गाभा असा :

वय ३९. लग्नाआधी बी.ए. झालं, लग्नानंतर २००८ साली एमएस-सीआयटी. पती तालुक्याच्या ठिकाणी कापड दुकानात सेल्समन, पगार १४,००० रुपये. मुलगी दहावीला, मुलगा सातवीला. सासूबाई अर्धांगवायूनं नऊ वर्षं अंथरुणावर होत्या, त्यांचं सगळं ताईंनीच केलं. गेल्या श्रावणात त्या गेल्या. "आता दुपारचं घर खायला उठतं. मुलीचं पुढचं शिक्षण डोळ्यापुढं आहे. मला काम करायचंय," असं ताई लिहितात. त्या एका कार्यालयात चौकशीला गेल्या. समोरून प्रश्न आले : विधवा आहात का? परित्यक्ता? दिव्यांग? दारिद्र्यरेषेखाली? पस्तिसाच्या आत? प्रत्येक प्रश्नाला 'नाही' म्हणताना जीभ टाळूला चिकटली. "मग तुम्ही कशातच बसत नाहीत," एवढं ऐकून त्या परतल्या. घरी जाऊबाई म्हणाल्या, "नवरा कमवायलाय की! दुसऱ्याच्या ताटातलं कशाला घ्यायलीस?" शेजारीण म्हणते, कुठं नाव नोंदवलंस तर लाडक्या बहिणीचे पैसे बंद पडतील. आणि गावातले एक गृहस्थ आठ हजारांत 'सगळं करून देतो' म्हणतायत. पत्राच्या शेवटी ताई विचारतात, "ज्यांना खरंच गरज आहे त्यांची जागा मी अडवते का? आणि माझ्यासारखीनं जायचं तरी कुठं?"

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी पाचव्या पानावरच्या एका ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली. ती ओळ तुम्ही अगदी जाता जाता लिहिली आहे : "नऊ वर्षांत आईंच्या पाठीला एकदाही जखम होऊ दिली नाही." त्या ओळीकडं मी परत येणार आहे. आधी मनाला जे टोचतंय त्याचं बोलू.

गरजवंताची जागा मी अडवते का, असं विचारताना तुम्ही एक गोष्ट धरूनच चालला आहात : काम मागण्याआधी आपण किती खचलो आहोत हे सिद्ध करावं लागतं. ही समजूत तुमची एकटीची नाही. दाखल्यांच्या रांगेत वर्षानुवर्षं उभं राहून ती आपल्या सगळ्यांच्या अंगात मुरली आहे. पण आपल्या भागातली जुनी रीत अशी नव्हती. बाहत्तरच्या दुष्काळात माझी आई औसा तालुक्यातल्या आमच्या गावाजवळ खडी फोडायला जायची. मिलो ज्वारीची लालसर भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांच्या गोष्टी ऐकतच आम्ही मोठे झालो. हातोडी बसून तिच्या डाव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलं होतं, ते मरेपर्यंत तसंच वाढत राहिलं. मी एकदा तिला विचारलं, कामावर घ्यायला कोणकोणते कागद लागले होते? तिला प्रश्नच कळेना. "कागद कशाचे? सकाळी जाऊन उभं राहायचं. मस्टर कारकून नाव लिवायचा, की बसायचं फोडत." आमची चार एकर कोरडवाहू होती, वडील धडधाकट होते, डोक्यावर माळवद होतं. नवरा असताना तू का आलीस, असं तिला त्या खडीच्या ढिगाजवळ कुणी विचारलं नाही.

तीच रीत पुढं कायद्यात आली. विधान परिषदेचे सभापती राहिलेले वि. स. पागे यांच्या विचारातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्याचं ब्रीद तीनच शब्दांचं होतं : मागेल त्याला काम. त्यात 'गरीब' हा शब्द नाही, 'विधवा' नाही, 'निराधार' नाही. उन्हात बसून खडी फोडायला जो आपणहून तयार आहे त्याची गरज वेगळी मोजत बसायची नाही, इतका सरळ हिशेब होता. तुम्ही काम मागायला गेलात, प्रशिक्षण मागायला गेलात, तेव्हा त्याच रांगेत उभ्या होतात. शरमेचं त्यात काही नाही.

मग कार्यालयातली ती प्रश्नांची यादी कुठून आली? ती आली योजनांमधून. इथं एक फरक समजून घ्या, कारण तुमच्या अडचणीची गाठ तिथंच आहे. जिथं सरकार हातात पैसे देतं, मग ते अनुदान असो, विद्यावेतन असो की पेन्शन, तिथं अटी असतात आणि असायलाही हव्यात. पैसा मोजका असतो. तो आधी ज्याचं कुणी नाही त्याला मिळावा. पण नोकरी शोधणारा म्हणून नाव नोंदवणं, मार्गदर्शन घेणं, रोजगार मेळाव्याला जाणं, आयटीआयत प्रवेश मागणं या गोष्टी अनुदानात मोडत नाहीत. त्या वाचनालयासारख्या आहेत. दार सगळ्यांना उघडं असतं. तुम्ही वाचनालयात गेलात आणि समोरच्यानं तुम्हाला रेशन दुकानाची यादी वाचून दाखवली, असं झालंय. त्यात समोरच्याचा दुष्टावा असेलच असं नाही. त्याच्या टेबलावर योजनांचे रकाने आहेत आणि तो माणसाला रकान्यात बसवायला शिकला आहे.

आता जागा अडवण्याचं. मी बचत गटांबरोबर बरीच वर्षं काम केलंय, प्रशिक्षणाचे वर्ग जवळून पाहिलेत. तीस जणींच्या वर्गात मागच्या दोन सतरंज्या रिकाम्या आणि हजेरीचा आकडा भरावा म्हणून दोन-चार जणींना आग्रह करून आणून बसवलेलं, हे मी एकदा नाही, कितीतरी वेळा पाहिलंय. ज्यांना शिवण शिकायचंच नाही अशा बायका महिनाभर सुईत दोरा ओवत बसतात आणि शिकायची आस असलेली बाई 'मी कशात बसत नाही' म्हणून घरी असते. मला याचा फार त्रास होतो. ती रिकामी सतरंजी कुठल्याही गरजवंत बाईच्या उपयोगी पडत नाही. तुम्ही तिथं बसलात तर कुणाच्या ताटातला घास कमी होणार नाही. जिथं जागा मोजक्या आणि मागणारे जास्त असतील तिथं प्राधान्य ज्यांचं आहे त्यांना मिळेलच, ते बघायला नियम आहेत. स्वतःला आधीच बाद करायचं काम तुम्ही अंगावर घेऊ नका.

आणखी एक गोष्ट सांगते, ती ऐकून तुम्हाला रागही येईल कदाचित. देशात बेरोजगार किती हे मोजणारी जी सरकारी पाहणी होते, तिच्यात जो काम शोधतोय किंवा कामाला तयार आहे तोच बेरोजगार धरला जातो. जी घरकाम करते तिच्यासाठी वेगळा क्रमांक आहे, ९२. आणि घरकाम सांभाळून जी सरपण, भाजीपाला, चारा गोळा करते, घरच्यापुरतं शिवणटिपण करते तिला ९३. या दोन्ही क्रमांकांतल्या बायका बेरोजगारांत येत नाहीत, त्या श्रमशक्तीच्याच बाहेर. म्हणजे नऊ वर्षं तुम्ही हिशेबातच नव्हता. सासूबाईंची चादर दिवसातून तीनदा बदलणारी बाई 'काम न करणारी' होती आणि 'काम नसलेली' पण नव्हती. अशा माणसांसाठी कुणी योजना आखेल कशी? ती दिसायला तर हवीत. म्हणून म्हणते, नाव नोंदवणं हे नोकरीसाठी जितकं महत्त्वाचं तितकंच दिसण्यासाठी. परभणीला जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे. आपली जुनी माणसं त्यालाच एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणतात. तिथली नोंदणी महास्वयम् या सरकारी संकेतस्थळावर होते, फुकट होते, आणि तिला नवऱ्याच्या पगाराची अट नाही. नुसत्या नोंदणीनं नोकरी चालून येत नाही, हेही स्पष्ट सांगते. ते दार आहे, घर नव्हे.

लाडक्या बहिणीचं शेजारीण जे सांगते ते पुष्कळ गावांत सांगतात. त्या योजनेच्या अटी पाहा : वय २१ ते ६५, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, घरात आयकर भरणारं किंवा सरकारी नोकरीतलं कुणी नको, ट्रॅक्टर सोडून चारचाकी नको. नोकरी शोधणारी म्हणून नाव नोंदवलं तर पैसे बंद, असं त्यात कुठंच नाही. शोधणं म्हणजे कमाई नव्हे. पण पुढचा हिशेब आत्ताच करून ठेवा, म्हणजे मागाहून धक्का नको. पतीचे १४,००० म्हणजे वर्षाला १,६८,००० रुपये. अडीच लाखाला उरतात ८२,०००, महिन्याला साधारण ६,८००. तुमची कमाई त्याच्या वर गेली की लाडक्या बहिणीचे महिन्याचे ते १,५०० रुपये सोडायची वेळ येईल. तेव्हा ते सरळ मनानं सोडावेत, लपवाछपवी करू नये. महिन्याला सात-आठ हजार स्वतःच्या खात्यावर येत असतील तर पंधराशेच्या भीतीनं घरात बसण्यात शहाणपण नाही. मात्र काम दोन-तीन महिन्यांचंच, कच्चं, आज आहे उद्या नाही असं असेल, तर हा हिशेब पुन्हा मांडा. हा विचार करण्यात लोभ नाही. १४,००० मध्ये चौघांचं घर चालवणाऱ्या बाईनं तो करायलाच हवा.

आठ हजारवाल्या गृहस्थांना नमस्कार करा आणि घरी चहासुद्धा पाजू नका. नोंदणी फुकट, ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेचं प्रशिक्षण फुकट, रोजगार मेळावा फुकट. फार तर ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे सेवा केंद्रवाला थोडे पैसे घेईल, त्याची पावती मागा. मूळ प्रमाणपत्रं कुणाकडंही ठेवायला देऊ नका, आधारचा ओटीपी कुणालाही सांगू नका. तुमच्या पत्रावरून वाटतं की ते गृहस्थ ओळखीचे आहेत, नात्यातले असतील. तरीही.

आता रेघ मारलेली ती ओळ. तुम्ही लिहिलंय की रात्री झोपेच्या गुंगीत विसरायला नको म्हणून आईंची कूस बदलल्याची वेळ तुम्ही वहीत लिहायचात. 'डावी, १०', 'उजवी, १२', 'डावी, २'. शेजारी साखरेचे आकडे, कधी 'लघवी गढूळ, डॉक्टरांना फोन', कधी 'आज चमच्यानं पेज घेतली'. ताई, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, हे रुग्णालयात शिकवतात. भले भले शिकलेले लोक रात्री दोनला ते करत नाहीत. पाठीची कातडी लाल दिसायला लागली की पुढं काय होतं हे तुम्हाला पुस्तकाशिवाय माहीत आहे. आणि त्याच पत्रात तुम्ही लिहिता, "मला तसं काहीच येत नाही." ही ओळ मी खोडली.

या कामाला बाहेर नाव आहे. रुग्णालयात त्याला जनरल ड्यूटी असिस्टंट म्हणतात, घरी जाऊन रुग्ण सांभाळणाऱ्याला होम हेल्थ एड. दोन्हींचे सरकारमान्य अभ्यासक्रम आहेत. माणसाला आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोयही कौशल्य विकासात आहे, तिला आरपीएल, म्हणजे पूर्वकौशल्याची मान्यता म्हणतात. तुमच्या जिल्ह्यात सध्या या कामाचा वर्ग किंवा अशी परीक्षा कुठं चालू आहे, हे केंद्रात स्पष्ट विचारा. प्रमाणपत्र असलं की परभणी, नांदेड, छत्रपती संभाजीनगरच्या खासगी रुग्णालयांत विचारायला तोंड मिळतं.

पण थांबा. हे लिहिताना माझ्याही मनात एक शंका आहे. नऊ वर्षं जे केलं तेच पुन्हा करायची तुमची इच्छा आहे का? बाईला घरात जे करावं लागलं तेच तिला बाहेरही शिकवायचं, ही आपल्याकडची फार जुनी सवय. शिवण, पापड, पार्लर, रुग्णसेवा. येतं म्हणून आवडतं असं नसतं. तुम्ही दमला असाल, आणखी एका आजारी माणसाच्या खोलीत पाऊल टाकायच्या कल्पनेनं जीव घुसमटत असेल, तर ते सांगायला लाजू नका. आणि घरी जाऊन रुग्ण सांभाळण्याच्या कामात बारा-बारा तासांची पाळी असते, अनोळखी घर असतं, मधला एजंट पगारातला वाटा खातो. ते पत्करायचं तर तास, रजा आणि पगार कागदावर घेऊनच.

तुमच्या पत्रात दुसरंही एक काम लपलेलं आहे. गटाच्या सचिव म्हणून अकरा वर्षं तुम्ही बैठकीचं रजिस्टर आणि हिशेब लिहिताय. संगणकाची तोंडओळख आहे. तालुक्याच्या बाजारपेठेतल्या कापड दुकानाला, कृषी सेवा केंद्राला, आडतीवाल्याला टॅलीवर नोंदी करणारं विश्वासाचं माणूस लागतंच. तुमचे पती ज्या दुकानात आहेत तिथल्या मालकाचा हिशेब कोण लिहितो, हे आजच संध्याकाळी विचारा. शिवाय तुम्ही गटात आहात म्हणून 'उमेद'चं, म्हणजे बचत गटांसाठीच्या सरकारी अभियानाचं, दार आहे. बँक सखी, कृषी सखी, पशु सखी अशी कामं गटातल्या बायकांमधूनच भरली जातात. मानधन थोडं असतं, वेळेवर मिळेलच असंही नसतं, पण गावात राहून बाहेर पडायची सवय लागते, बँकेतले लोक ओळखायला लागतात. तुमच्या प्रभागाच्या समन्वयकांना भेटून सांगून ठेवा की मी तयार आहे. न सांगता कुणी ओळखत नाही.

वयाचंही बघू, कारण 'पस्तिसाच्या आत' या दोन शब्दांनी तुम्हाला मागं फिरवलं. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत, जिथं महिन्याला सहा ते दहा हजार विद्यावेतन मिळतं, तिथं १८ ते ३५ ही अट खरीच आहे. ते दार बंद, सोडून द्या. पण दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत सर्वसाधारण मर्यादा ३५ असली तरी महिलांना ती ४५ पर्यंत आहे, आणि बचत गटातल्या ग्रामीण कुटुंबांना तिथं वाव आहे. समोरच्यानं अर्धा नियम सांगितला असणार. अग्रणी बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था तुमच्या वयाच्या बायकांनाही घेतात, राहणं-जेवणं फुकट, दहा दिवसांपासून दीड महिन्यापर्यंतचे वर्ग. आयटीआयला तर वरची वयोमर्यादाच नाही. दहावी झालेल्याला संगणकाचा एक वर्षाचा 'कोपा' करता येतो. पण आयटीआय म्हणजे रोज पूर्ण दिवस, वर्षभर. मुलीच्या दहावीच्या वर्षात ते तुम्हाला झेपेल असं मला वाटत नाही. पुढच्या जून-जुलैच्या प्रवेशाचा विचार करा. गंमत म्हणजे मायलेकी एकाच वेळी प्रवेशाचे अर्ज भरताय असंही होईल. सरकारी भरतीच मनात असेल तर खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गाला ४३ ही सर्वसाधारण मर्यादा ध्यानात ठेवा, आणि त्यामागं वर्षं घालवू नका.

तुम्हाला माझा कल विचाराल, तर आधी हिशेबाचं. ते जवळ आहे, दिवसा आहे आणि त्यात तुमचा हात बसलेला आहे. रुग्णसेवेचं प्रमाणपत्र जमल्यास बरोबरीनं घेऊन ठेवा, वापरायचं की नाही ते वर्षभरानं ठरवा.

आता जायचं कसं. पहिली अडचण नावाची येईल, ती जवळजवळ सगळ्या लग्न झालेल्या बायकांना येते. बी.ए.चं प्रमाणपत्र माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या नावाचं. विवाह नोंदणीचा दाखला ग्रामपंचायतीतून काढून घ्या, बहुतेक ठिकाणी तो पुरतो. जिथं नाहीच चाललं तिथं राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करावा लागतो, त्याचा अर्जही ऑनलाइन होतो. हे आठ-पंधरा दिवस चौकशीच्या आधीच काढा, नाहीतर तेवढ्या एका कागदापायी दुसरी फेरी पडते.

दुसरं, बोलायच्या आधी लिहून न्या. तोंडी विचारलेल्या प्रश्नाला तोंडी 'नाही' मिळतं आणि ते हवेत विरतं. कागदावर लिहा : 'मी ३९ वर्षांची, बी.ए., एमएस-सीआयटी झालेली आहे. गटाचे हिशेब अकरा वर्षं लिहिले, अर्धांगवायूच्या रुग्णाची नऊ वर्षं शुश्रूषा केली. मला काम हवं आहे. माझ्यासाठी सध्या कोणतं प्रशिक्षण खुलं आहे, कधी सुरू होतं, वेळ काय, प्रमाणपत्र कुणाचं, आणि मागच्या वर्गातल्या बायकांना काम कुठं लागलं, हे कळवावं.' यातला शेवटचा प्रश्न चुकवू नका. ज्या केंद्राला मागच्या वर्गातल्या चार जणी आज कुठं आहेत हे सांगता येत नाही, तिथं महिना घालवायचा की नाही ते तुम्हीच ठरवा. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर तारीख आणि शिक्का मारून घ्या. पोच हातात असली की आपण पाय रोवून उभं राहतो, हे मी पुष्कळ जणींचं पाहिलंय. पुन्हा कुणी म्हणालं, "तुम्ही कशात बसता?" तर शांतपणे सांगा, "साहेब, मी काम शोधते."

पतींबद्दल तुम्ही दोनच वाक्यं लिहिली आहेत : ते नको म्हणत नाहीत आणि हो पण म्हणत नाहीत. परवानगी मागितल्यासारखं बोलू नका, बेत सांगितल्यासारखं बोला. मंगळवारी मी परभणीला जाणार, संध्याकाळच्या गाडीनं येणार, भाजी करून ठेवते, पोळ्या तुम्ही आणि पोरांनी बघा. एवढं ठोस सांगितलं की माणूस उत्तर देतो. आणि जाऊबाईंवर रागावू नका. त्यांनी स्वतः कधी काही मागितलं असेल आणि त्यांनाही कुणी अशीच यादी वाचून दाखवली असेल.

तुमच्यासारखी पत्रं मला आणखीही येतात. पुण्यात सात वर्षं स्पर्धा परीक्षा देऊन तेहेतिसाव्या वर्षी गावी परतलेला मुलगा, जो कुणाला तोंड दाखवत नाही. वाळूजच्या कारखान्यातलं कंत्राट संपलेला अठ्ठेचाळिशीचा फिटर. कंबरेच्या दुखण्यामुळं आता कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जाऊ न शकणारी बीडची बाई. तिच्याकडं उचल नाही, मुकादमाच्या यादीत नाव नाही, म्हणून ती कुठल्याच यादीत नाही. या सगळ्यांनाही हेच सांगते : नाव नोंदवा, लेखी विचारा, पोच घ्या. त्या फिटरनं तर आरपीएलची चौकशी जरूर करावी. तीस वर्षांचा हात आणि एक प्रमाणपत्र नाही, अशी अवस्था आपल्या औद्योगिक वसाहतींत किती तरी जणांची आहे.

आणि हे सदर टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्यांपैकी कुणी वाचत असेल तर त्यांनाही हात जोडून विनंती. पहिला प्रश्न बदला. 'कशात बसता?' ऐवजी 'काय करायचंय?' असं विचारा. रकाना मागाहून शोधता येतो, परत गेलेली बाई पुन्हा येत नाही. जिथं बाया आठवडी बाजाराला येतात, बँकेत पैसे आले का बघायला रांगेत उभ्या राहतात, शाळेच्या पालकसभेला येतात, तिथं महिन्यातून एकदा एक टेबल टाका आणि नाव लिहून घ्या. सक्ती करू नका, आकडा भरायला कुणाला ओढून आणू नका, यादीसाठी लाभ अडवायची भीती घालू नका. जी आपल्या पायानं येते ती टिकते. आणि जी आज नको म्हणाली तिला उद्या यावंसं वाटलं तर दार लोटलेलं नसावं.

ताई, चौकशीला मुलीची परीक्षा संपायची वाट बघू नका, त्याला एकच दिवस लागतो. सोमवारी कार्यालयांत गर्दी असते, मंगळवार बरा. सकाळच्या एसटीनं निघा. मार्च २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे, ते याच कामासाठी वापरायचं. पिशवीत प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स, विवाहाचा दाखला, अर्जाच्या दोन प्रती, पाण्याची बाटली आणि ती वही असू द्या. डावी, उजवी, डावी लिहिलेली. रुग्णसेवेचं विचारलं तर उघडून दाखवा. आणि तिथं कोण काय म्हणालं, ते आठवं पान म्हणून मला लिहून पाठवा.